मेसटिन बाकी हाय

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. तू वीस वर्षांचा, हिराजी, आणि मी तुझ्याहून सहा महिन्यांनी थोरला. तू करंज्याचा कोळी, मी जासईचा मिठागरवाला. दोन्ही गावं एकाच तालुक्यातली, पण आपण भेटलो ते हजार कोसांवर, पलटणीच्या बॅरकीत, खाटा लागून लागून पडल्या म्हणून. मला वाटलं, चला, आपल्याकडचा माणूस मिळाला. पुढं जन्मभर मला जेवढा ताप झाला, त्यातला निम्मा या आपल्याकडच्या माणसानं दिला.

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. वर ‘शूर जवान’ लिहिलंय. तुझ्या छातीवर कोणीतरी कॉम्प्युटरनं पाच मेडलं चिकटवलीत, त्यातली तीन तुला कधी मिळाली नव्हती. खाली सहा पुढाऱ्यांची तोंडं, एकेक तुझ्या तोंडापेक्षा मोठं. सगळ्या फोटोत खरी गोष्ट एकच आहे, तो तुझा डावा कान. चुरगळल्यासारखा, पुढं दुमडलेला. त्या कानाबद्दल फ्लेक्सवर एक अक्षर नाही. ते मला लिहायला पाहिजे, कारण कान मी फोडला.

लिहायचं म्हटलं तर हसशील. मी शाळा तिसरीत सोडली. फौजेत भरती झालो तेव्हा सही यायची आणि पाटी वाचता यायची, तीही थांबत थांबत. घरची पत्रं तू लिहून द्यायचास. मी सांगायचो, “लिव, मी बरा हाय.” आणि तू लिहायचास अर्धं पान. माझ्या आईला वाटायचं, पोरगा किती माया करतो. एकदा तिनं उत्तरात लिहून घेतलं होतं, “तुझ्या पायाच्या भेगांना कोकम तेल लाव.” मी चक्रावलो. भेगांचं मी कधी बोललो होतो? तू म्हणालास, “मी लिवलं. रातभर पाय चोळतंस, झोप लागत नाय मना.” असा तू. दुसऱ्याच्या पत्रात नाक खुपसणारा.

आता पद्धत सांगतो. तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्याला कळायला पाहिजे. पलटणीत दोघांचं वाजलं तर ते साहेबाच्या टेबलावर न्यायचं नाही. कागद झाला की तो जन्माचा मागं लागतो. म्हणून लंगरामागं जायचं. लंगर म्हणजे आमचं स्वयंपाकघर, त्याच्या मागं लाकडांचा ढीग. उस्ताद, म्हणजे आमचा साताऱ्याकडचा हवालदार, दोघांना तिथं नेऊन उभं करायचा, पाठ फिरवायचा आणि बिडी पेटवायचा. बिडी जळेपर्यंत काय ते करून घ्या. बूट काढून, पट्टा काढून. तोंडावर मारायचं नाही, सकाळी परेडला तोंड दिसतं. बिडी संपली की उस्ताद म्हणायचा, “बास. भुका लागल्या असतील.”

मग दोघांनी एका मेसटिनमध्ये जेवायचं. मेसटिन म्हणजे जवानाचं जर्मनचं खोलगट भांडं, दांडीचं. त्यात एकच चपाती यायची. मोडून अर्धी याची, अर्धी त्याची. खाऊन झालं की भांडं धुवायचं. एकानं पाणी ओतायचं, एकानं चुलीतल्या राखेनं घासायचं. कोणी काय करायचं हे उस्ताद सांगायचा नाही. ज्याला वाटेल चूक आपली, त्यानं राख उचलायची. तोंडानं माफी मागायची चाल नव्हती. राख उचलली की भांडण मिटलं. पुन्हा त्याचं नाव काढणाऱ्याला अख्खी बॅरक फाडून खायची.

आपलं पहिलं लंगरामागं गेलं ते तुझ्या बोंबलांवरून. तुझ्या आईनं करंज्याहून सुक्या बोंबलांचं पार्सल पाठवलं होतं. फडक्यात, वर गोणपाट, त्यावर सुतळी. आठ दिवसांच्या प्रवासानं त्याला जो वास सुटला होता, तो बॅरकीच्या दारातून आत यायच्या आधीच खिडकीतून आला. घाटावरची पोरं नाक धरून ओरडायला लागली. “कोण मेलंय रं?” एक म्हणाला, “हे कोकणातले असलंच खात्यात.” मला लाज वाटली. मी त्याच बोंबलांवर वाढलेला माणूस, पण चारचौघांत लाज वाटली. तू परेडवरून यायच्या आत मी ते पार्सल उचलून नाल्यात फेकलं.

तू आलास, ऐकलंस, आणि आधी नाल्यात उतरलास. रिकाम्या हातानं वर आलास.

“कोनी टाकलं?”

“मी.”

“घाटावरच्यांनी टाकलं असतं ना, तर मी हसलो असतो,” तू म्हणालास. “तू टाकलंस?”

मग उस्तादाची बिडी. तू काटक, मी जाड. मी तुझ्या बरगड्यांत दोन घातल्या, तू माझी पोटरी लाथेनं सुजवलीस. बिडी संपली. चपाती मोडली. जेवलो. मग उठलो, आणि मी राखेकडं बघत उभा राहिलो. चूक माझी होती, हे मला दिसत होतं, तुला दिसत होतं, उस्तादालाही दिसत होतं. पण हात पुढं होईना. तू एक क्षण वाट बघितलीस. मग तूच वाकून राख उचललीस आणि म्हणालास, “ओत पानी. का ते पन नाय जमत?”

मी पाणी ओतलं. तेव्हापासून तू माझा दोस्त झालास, आणि तेव्हापासून मला तुझा रागही यायला लागला. माणसानं एवढं मोठं मन दुसऱ्याच्या तोंडावर दाखवू नये.

चार वर्षांनी आपण बर्फात होतो. मी लान्स नायक झालो होतो. बाहीवर एकच फीत, पण जासईच्या मिठागरातून एवढं वर गेलेला मी पहिला. फीत मिळाली त्या दिवशी घरी पत्र तू लिहिलंस आणि त्यात माझ्यापेक्षा जास्त फुशारकी तूच मारलीस.

त्या चौकीवरच्या बंकरात आपण तिघं. तू, मी आणि बबन. बबन साताऱ्याचा, आपल्याच वयाचा, सतत गुणगुणणारा. मधोमध रॉकेलची बुखारी, म्हणजे ऊब द्यायची शेगडी. वर भिंतीत हवेसाठी वीतभर झरोका. हुकूम असा, की झोपताना बुखारी विझवायची, आणि झरोका कधीच बंद करायचा नाही. त्या संध्याकाळी तू पहाऱ्यावर गेलास आणि वारा आत घुसायला लागला. मिठाच्या उन्हात भाजलेलं अंग माझं, थंडीला नुसतं रडायचं. मी बुखारी चालू ठेवली आणि झरोक्यात गोणपाटाची बोरी कोंबली.

उजाडताना जाग आली तेव्हा माझं डोकं फुटत होतं. मी दारापाशी झोपलेला म्हणून वाचलो. बबन विझून गेलेल्या बुखारीशेजारी होता. हलवला, हलेना. मी काय केलं पहिल्यांदा? बबनला बाहेर नाही ओढलं, हिराजी. आधी बोरी उपसली आणि माझ्या खाटेखाली सारली. मागं वळलो तर तू दारात उभा, पहारा संपवून आलेला, भुवयांवर बर्फ.

दवावाला आला, साहेब आले. दवावाला म्हणाला, “उंची लागली याला. बंकर गरम ठेवा, बुखारी पेटवा.” कोणीतरी बुखारीकडं वाकला. मी बोललो नाही. तू बोललास.

“उंची नाय साहेब. धूर हाय. याला बाहेर काढा. झरोका बंद होता.”

“किसने बंद किया?”

सगळे गप्प. पलटणीत असंच गप्प राहायचं असतं.

“लान्स नायक धर्मा,” तू म्हणालास.

बबनला बाहेर काढला. तासाभरानं तो ओकला, मग रडला, मग जगला. माझी फीत गेली. त्यानंतर फौजेत होतो तोवर साधा शिपाई राहिलो, साधाच घरी आलो. जासईच्या वेशीत लोक विचारायचे, “धर्मा, तू नायक का काय होतास ना रं?” त्या प्रश्नाला मी आजवर उत्तर दिलेलं नाही.

आठवड्यानं आपण खाली आलो तेव्हा मी उस्तादाला म्हणालो, लंगरामागं जायचंय. तू बूट काढलेस. पट्टा काढलास. आणि हात मागं बांधून उभा राहिलास. मी म्हटलं, “हात काढ.” तू म्हणालास, “तू मार. तुजं होऊन जाऊदे.”

त्यानं मी पिसाळलो. तोंडावर मारायचं नाही हा नियम मोडला. बिडी संपल्यावर थांबायचं हाही मोडला. उस्तादानं “बास” म्हटल्याचं मला ऐकू आलं होतं, तरी मी आणखी एक घातली, आणि तीच तुझ्या कानावर बसली. रक्त मानेवरून खाली आलं. उस्तादानं वळून बघितलं, थोटूक टाकलं आणि मेसटिन आणून आपल्या दोघांच्या मधे ठेवलं.

“बस खाली, धर्मा.”

“याच्यासंगं मी जेवनार नाय.”

“फीत कापडाची होती रं, लेका. बस.”

मी बसलो नाही. निघालो. वळून बघितलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो, पण बघितलं होतं. तू खाली बसलास. चपाती मोडलीस. आपली अर्धी खाल्लीस, एका बाजूनं चावत, कारण जबडा हलत नसणार. माझी अर्धी मेसटिनच्या माझ्या बाजूला सरकवलीस आणि बसून राहिलास.

डॉक्टरला तू सांगितलंस, बर्फावर घसरलो. कान कायमचा गेला, तरी सांगितलंस, घसरलो. हे ऐकलं तेव्हा माझा राग दुप्पट झाला. म्हणजे तुला खोटं बोलता येत होतं! मग त्या दिवशी बंकरात का नाही आलं?

हा एकच सवाल मी तुला सत्तेचाळीस वर्षं विचारत होतो. धूर सांगायचा होतास. माझं नाव कशाला सांगितलंस?

पनवेलात आपण दोघं आलो, दैवानं आणि हट्टानं. जासईची मिठागरं गेली, तिथं आता कंटेनर एकावर एक बसलेत. त्यांच्या फाटकावर मी अठरा वर्षं वॉचमन होतो. तू तळोज्याच्या कारखान्यात सिक्युरिटीत, त्या वासात. घरं आपली दहा मिनिटांच्या अंतरावर. आणि भेटायचो कुठं, तर महिन्यातून एकदा माजी सैनिकांच्या कँटीनच्या रांगेत. साबण, चहापत्ती, बाटली. दर वेळी तू मागं वळून म्हणायचास, “मेसटिन बाकी हाय, धर्मा.”

मी म्हणायचो, “ठेव तुजं मेसटिन.”

रांगेतल्या नव्या पोरांना वाटायचं, म्हाताऱ्यांची काहीतरी मस्करी आहे.

एकदाच आपलं खरं बोलणं झालं, कँटीन उघडायला उशीर झाला होता म्हणून. मी तोच सवाल टाकला. तू पिशवी खाली ठेवलीस. “धर्मा, लंगरामागं दोघांचं नेतात. बोंबील माजे होते, ते दोघांचं होतं. बबन तिसरा होता. त्याचा श्वास धड चालत नव्हता. साहेबानं नाव विचारलं, आनि मी गप राहिलो असतो तर साहेबाला तो धूर पन खोटा वाटला असता. बुखारी पेटवत होते रं ते.”

“मग कानाचं खोटं बोललास ते?”

“कान माजा होता.”

मी रांग सोडून घरी गेलो. त्या महिन्यात साबण बाजारातून आणला.

आणखी एक सांगायचं आहे. रांगेत मी नेहमी तुझ्या मागं, पण जरा डाव्या बाजूला उभा राहायचो. फुटलेल्या कानाच्या बाजूला. तुला वाटत असेल, योगायोग. नव्हता. तिकडून काही पुटपुटलं तर तुला ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी, त्याच रांगेत, मी त्या कानात म्हणालो, “बोरी माजी होती. पयल्यांदा बबनला काढायला पायजे होता. मी बोरी काढली.”

तू मान वळवलीस. “काय?”

“काय नाय. रांग सरली, चल पुढं.”

एवढंच मला जमलं.

तू दवाखान्यात पडलास तेव्हा वहिनीनं दोनदा निरोप धाडला. पहिल्या निरोपाला मी म्हणालो, गुडघा दुखतोय. दुसऱ्याला आलो. फाटकापर्यंत आलो, समोरच्या टपरीवर चहा घेतला, वर तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या मोजल्या, यातली तुझी कोणती असेल ते ठरवलं आणि परत गेलो. मनात म्हटलं, हा काय मरत नाही एवढ्यात. बर्फात मेला नाही, तळोज्याच्या वासात मेला नाही. सुधारला की कँटीनला भेटेलच. आणि तू मेलास. मला शेवटचा शब्द न देता मेलास, बंकरात माझं नाव सांगितलंस तसाच हा तुझा दुसरा दगा.

तुझ्या प्रेताला मी आलो नाही. बबनचा गावाहून फोन आला. “धर्मा, गेलास का वहिनीकडं?” मी म्हणालो, “जाईन.” तो म्हणाला, “तुमचं काय झालं होतं ते मला कधी कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. पण जा.” म्हणजे त्याला सगळं ठाऊक आहे. तोही सत्तेचाळीस वर्षं गप्प राहिला, मला लाज वाटू नये म्हणून.

बाराव्याच्या संध्याकाळी मी तुझ्या घरी गेलो ते दुःखानं नाही. फ्लेक्सच्या रागानं. खोटी मेडलं काढायला लावायची, हे भांडायला गेलो.

वहिनी म्हणाली, “भावोजी, तो पोरांच्या मंडळानं लावला. मना विचारलं पन नाय. बसा.” मी उभाच. ती आत गेली आणि फडताळातून मेसटिन घेऊन आली. तेच. दांडीवर तुझा नंबर कोरलेला. आतून बाहेरून काळं पडलेलं, जर्मन ओळखू येऊ नये एवढं.

“हे तेवढं न्या,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून बघतंय मी. मना कधी घासू दिलं नाय. पान्यानं खंगाळायचे आनि ठेवून द्यायचे. मी एकदा राख लावाया गेले तर हातातनं घेतलं. बोलले, ते घासायचं काम दुसऱ्याचं हाय.”

मी विचारलं, “नाव सांगितलं?”

“कोनाचं?”

“दुसऱ्याचं.”

“नाय. मी पन नाय विचारलं,” ती म्हणाली. “दवाखान्यात मातर बोलले, धर्मा येईल तवा दे.”

घरात, बायकोपाशीसुद्धा, जिथं सांगितलं असतंस तर कोणाचंच काही गेलं नसतं, तिथं तू माझं नाव गिळून बसलास. आणि मी पलटणभर सांगत फिरलो की हिराजी चुगलखोर.

मी ते मेसटिन घेतलं नाही. म्हटलं, “वहिनी, उद्या सकाळी येतो. एक भाकरी कराल? तांदळाची.”

तुझ्यावरच्या रागानं मी लिहायला शिकलो, हे तुला माहीत नव्हतं. लंगरामागून उठून गेलो त्यानंतर माझी पत्रं कोण लिहिणार? उस्तादाकडून बाराखडी गिरवून घेतली. पहिलं पत्र मी आपल्या हातानं लिहिलं ते दोन ओळींचं होतं, आणि आईनं विचारून पाठवलं की तू आजारी आहेस का. आज एवढी पानं झाली. आहेत ती तुझ्या नावावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी आधी राख शोधली. पनवेलात आता चूल कुठं राहिली? बाजारातल्या जुन्या बेकरीत लाकडाची भट्टी आहे, तिथं गेलो. भट्टीवाला म्हणाला, “चाचा, इतनी राख का क्या करोगे?” मी म्हणालो, “बर्तन घिसना है.” कागदात पुडी बांधून तुझ्या घरी गेलो. मागच्या मोरीपाशी पाट घेतला. वहिनीनं मेसटिनमध्ये भाकरी आणि बोंबलाची चटणी आणून ठेवली. मी भाकरी मोडली आणि अर्धी तिला परत दिली.

“पुरी खा ना, भावोजी.”

“त्याची खाऊन झाली आहे.”

माझी अर्धी खाल्ली. सावकाश, कारण दातही आता थोडेच आहेत. मग राख उचलली. वहिनी तांब्या घेऊन पाणी ओतायला वाकली, मी म्हटलं, नको. तांब्या तिच्या हातातून घेतला, डाव्या हातानं ओतत गेलो आणि उजव्यानं घासत राहिलो, दांडीवरचा तुझा नंबर स्वच्छ वाचता येईपर्यंत.